अरुंद झालेल्या झडपेचें मोजमाप

जालना जिल्ह्यांतील अंकुशनगर हें साखर कारखान्याभोंवतीं वसलेलें गांव. उंसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या परिचयाची एक गोष्ट अशी, कीं पाटाचें तोंड दगडमातीनें अरुंद झालें म्हणजे तेथून पाणी जोरानें उसळतें आणि मागें पातळी चढते. हृदयाची झडप अरुंद झाली असतां शरीरांत हेंच घडतें. ती किती अरुंद झाली, हें छाती न उघडतां कसें मोजतात, तें आज सांगावयाचें आहे.

हृदयाला चार झडपा असतात. रक्त पुढें जावें, मागें फिरूं नये, एवढेंच त्यांचें काम. आपल्या देशांत डावीकडील द्विदल झडप बहुधा बालपणींच्या रुमॅटिक तापामुळें बिघडते. जंतूंमुळें घसा सुजतो, पुढें सांधे दुखतात, आणि तें सारें विसरलेंहि जातें. परंतु कांहीं वर्षांनीं झडपेचीं दलें कडांशीं चिकटूं लागतात. ४ ते ६ चौरस सेंटिमीटरांचें दार दीडपर्यंत किंवा त्याहून खालीं आलें, म्हणजे विकार तीव्र समजतात. मागें तुंबलेल्या रक्तानें फुप्फुसांवर ताण पडून धाप लागते. महाधमनीच्या मुखाशीं असलेली झडप मात्र बहुधा उतारवयांत, चुना सांचून ताठर होते.

नळीनें ऐकूं येणारा ध्वनि विकाराची सूचना देतो, पण त्याचें माप नेहमींच देत नाहीं. हृदय थकलें, कीं तो उलट मंदावतो. म्हणून आपण ज्याला 'इको' म्हणतों, त्या तपासणीची गरज. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर हे डॉक्टर व हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनीं, धातूंतील दोष शोधण्याच्या युक्तीनेंच, कानाला न ऐकूं येणाऱ्या ध्वनीचे हृदयावरून परतणारे प्रतिध्वनि टिपले. त्यांतून झडपेची हालचाल दिसूं लागली.

वेगाचें माप मात्र ख्रिश्चन डॉपलर यांनीं १८४२ सालीं मांडलेल्या तत्त्वानें मिळतें. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच स्वरांत ऐकूं येते. तद्वत् धांवत्या रक्तावरून परतलेल्या ध्वनीचा स्वर बदलतो. त्या बदलावरून रक्ताचा वेग कळतो. सेकंदाला जितके मीटर वेग, त्याचा वर्ग करून चौपट केली, कीं झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक पाऱ्याच्या मिलिमीटरांत मिळतो. वेग ३ असेल तर ३६, आणि ४ असेल तर ६४. महाधमनीच्या झडपेपाशीं कमाल वेग ४ मीटर, दाबाचा सरासरी फरक ४० मिलिमीटर आणि दार १ चौरस सेंटिमीटर, या सीमा गांठल्या म्हणजे विकार तीव्र होय.

परंतु आंकडा एकटा बोलत नसतो. पाटांत पाणीच थोडें असेल, तर तोंड अरुंद असूनहि तें उसळत नाहीं. दुर्बल हृदयाचें तसेंच. वेग कमी भरतो आणि धोका लपतो. अशा वेळीं दाराचें क्षेत्रफळ हिशेबानें काढतात, किंवा औषधानें हृदयाचा जोर घटकाभर वाढवून पुन्हा मोजतात. यंत्राचा झोत प्रवाहाला तिरपा पडला तरीहि वेग कमीच दिसतो. म्हणून कुशल तपासनीस अनेक बाजूंनीं पाहतो.

याचें महत्त्व सर्वांत अधिक गर्भवती स्त्रीला. त्या काळांत रक्त वाढतें, नाडी जलद होते, आणि आजवर निभावून गेलेली द्विदल झडप अपुरी पडूं लागते. 'या दिवसांत दम लागायचाच' असें म्हणून घरांत तिची धाप उडवून लावली जाते. उताणें निजतां न येणें, रात्रीं गुदमरून जाग येणें, हीं लक्षणें उपेक्षेचीं नव्हेत. इकोनें विकार वेळींच उमगला, तर औषधें आहेत. आणि झडप योग्य असेल, तर जपानचे कानजी इनोउए यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनें, शिरेंतून फुगा नेऊन, छाती न उघडतां ती रुंद करतां येते.

आणि मूळ उपाय त्याहूनहि सोपा आहे. मुलाचा दुखरा घसा डॉक्टरांस दाखवावा. रुमॅटिक ताप होऊन गेला असल्यास पेनिसिलिनचीं ठरलेलीं इंजेक्शनें चुकवूं नयेत. वेळीं दिलेलें तें औषध पुढील मोजमापाची पाळीच बहुधा टाळतें.