मंद उजेडातील चित्रात दाणे कोठून येतात?

शाळेतील एखादा प्रयोग मंद उजेडात चित्रित केला, की पडद्यावरील काळ्या भागात दाणे वळवळताना दिसतात. तंत्रज्ञ याला नॉइज म्हणतात. दोष स्वस्त कॅमेऱ्याचा, असे आपण समजतो. पण त्याचे एक मूळ प्रकाशाच्याच स्वभावात आहे.

पावसाची भुरभुर सुरू होताच अंगणातील सारख्या फरश्यांवरचे थेंब आपण मोजू. प्रत्येक फरशीवर ते सारखे नसतात. सरासरी १०० थेंब असतील, तर फरक सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्के. सरासरी १०,००० असेल, तर १०० चा, म्हणजे अवघा एक टक्का. फरक सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाशकण असेच पडतात. म्हणून प्रकाश चौपट केला, की दाणेदारपणा निम्मा होतो.

आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. मिळालेला संकेत दाण्यांसकट मोठा होतो. २०१८ मध्ये आलेल्या ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के मध्ये ४०० व ३२०० असे दोन मूळ आयएसओ आहेत. दुसऱ्यावर विद्युतमंडलाचा स्वतःचा नॉइज तुलनेने कमी पडतो. प्रकाशकणांची उणीव मात्र भरून निघत नाही.

म्हणून आधी भिंगाचे छिद्र मोठे करावे. उजळ भाग पांढराफटक होऊ न देता शक्य तेवढा प्रकाश घ्यावा. संवेदक भरून वाहिला, तर तेथील तपशील कायमचा जातो. चित्र नंतर गडद करता येते आणि दाणेही दबतात.

लहानसा दिवा निम्म्या अंतरावर आणला, तर प्रकाश किती पट होईल? आणि दाणे? वर्गात विचारून पाहू या.