नव्या सोबत्याला सांगायची अवघड गोष्ट

एकत्र राहणाऱ्या माणसांचे तंटे बहुधा पैशावरून होतात, असा व्यापारी कुटुंबांतील सर्वसाधारण समज आहे. परंतु भाडे, विजेचे बिल, गॅस सिलिंडर यांचा हिशेब वहीत मांडता येतो आणि महिन्याच्या अखेरीस मिटवताही येतो. काही गोष्टी मात्र कोणत्याच खात्यावर टाकता येत नाहीत. खोलीत नव्याने राहायला आलेल्या सोबत्याच्या अंगाला घामाचा उग्र वास येतो, त्याचे मोजे तीन-तीन दिवस पलंगाखाली पडून असतात, बोलताना त्याच्या तोंडाची दुर्गंधी जाणवते किंवा त्याच्यानंतर न्हाणीघरात पाऊल ठेववत नाही. हे त्याला कोणी सांगायचे, आणि कोणत्या शब्दांत?

हिंगणघाटमधील घरांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. वणा नदीच्या काठचे हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. येथील मुले-मुली बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा सी.ए.च्या अभ्यासासाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठतात. घरी हक्काची खोली आणि आईने घडी घालून ठेवलेले कपडे यांची सवय असलेला मुलगा एकाएकी तीन अनोळखी मुलांबरोबर एका सदनिकेत राहू लागतो. अनामत रक्कम भरलेली असते आणि अकरा महिन्यांचा करार झालेला असतो. खोली सोडून जाणे सोपे नसते आणि बोलणे तर त्याहून अवघड वाटते.

मग न बोलता सांगण्याचे प्रकार सुरू होतात. कोणी नाकाला रुमाल लावतो, कोणी मुद्दाम खिडकी उघडतो, कोणी नव्या मुलाच्या पलंगावर साबणाची वडी ठेवून देतो. तिघांचा वेगळा व्हॉट्सॲप गट तयार होतो आणि त्यात चौथ्याचे टोपणनाव पडते. एखाद्या दिवशी ते टोपणनाव त्याच्या कानावर जाते. ज्या गोष्टीला पाच मिनिटांचे एकांतातील बोलणे पुरले असते, तिच्यापायी एक विद्यार्थी वर्गात मान खाली घालून बसू लागतो. वसुलीची आठवण वेळेवर दिली, तर उधारीचा संबंध टिकतो. ती टाळत गेल्यास थकबाकीही वाढते आणि मनातील कडवटपणाही. या बाबतीतही व्यवहार तोच आहे.

त्याला ते ठाऊक नसते

‘एवढे कळत नाही का त्याला?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे शास्त्रीय उत्तर, बहुतेक वेळा खरोखरच कळत नाही, असे आहे. सतत सोबत असणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. मसाल्याच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याला मिरचीचा ठसका जाणवत नाही, पण गिऱ्हाईक दारातच शिंकते. स्वतःच्या शरीराच्या बाबतीतही असेच घडते.

मानवी त्वचेत घामाच्या मुख्यतः दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक प्रकार जवळजवळ सर्वांगावर असतो, आणि त्यातून प्रामुख्याने पाणी व क्षार बाहेर पडतात. दुसरा प्रकार काख व जांघ अशा ठिकाणी असतो आणि वयात आल्यानंतर कार्यरत होतो. त्याचा स्राव दाट असतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरील जिवाणू या स्रावाचे विघटन करतात, तेव्हा वास निर्माण होतो. म्हणूनच न धुतलेल्या काखेवर किंवा कालच्याच सदऱ्यावर सुगंधी फवारा मारल्याने फारसे काही साधत नाही. पॉलिस्टरसारखे कृत्रिम धागे हा वास सुती कापडापेक्षा अधिक धरून ठेवतात. कापसाच्या गावातून गेलेला मुलगाही खेळाची पॉलिस्टरची जर्सी दोन दिवस अंगात ठेवतो, तेव्हा दोष शरीराइतकाच कपड्याचाही असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खिडक्या बंद ठेवून कूलर लावला, तर खोलीत दमटपणा साचतो आणि ओले टॉवेल, बूट, गाद्या यांचा एकत्रित वास एकट्या माणसाच्या नावावर मांडला जातो.

आधी आपले नाक तपासावे

बोलण्यापूर्वी एक तपासणी आवश्यक आहे. जे खटकते आहे ते अस्वच्छतेमुळे, आजारामुळे, अडचणीमुळे, की केवळ आपल्याला सवय नसल्यामुळे? या चारही गोष्टी नाकाला सारख्याच वाटू शकतात, पण त्यांवरचे उपाय निराळे आहेत.

ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, तेथील मुलाला लसूण खाणाऱ्या सोबत्याचा श्वास असह्य वाटू शकतो. लसणातील गंधकयुक्त घटक रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर पडतात. दात घासूनही तो वास काही तास राहतो. हा आहाराचा भेद झाला. त्याला घाण म्हणणे अन्यायाचे होईल. हाच न्याय उलट दिशेनेही लागू होतो. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या मुलीच्या श्वासाला वेगळा वास येतो. दीर्घ उपवासात शरीर साठवलेली चरबी वापरू लागते, त्यातून कीटोन तयार होतात आणि लाळही कमी सुटते. सोबतच्या मुलींना हे आधीच सांगितले, तर त्यांच्या मनात गैरसमज उरत नाही.

आजाराचे तसेच आहे. तोंडाची दुर्गंधी बहुतेकांच्या बाबतीत जिभेवरील थर, किडलेले दात किंवा सुजलेल्या हिरड्या यांमुळे असते आणि दंतवैद्याकडे तिचा उपाय असतो. नियंत्रणात नसलेल्या मधुमेहातही श्वासाला फळासारखा गोडसर वास येऊ शकतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे गेले पाहिजे. काहींना जन्मतःच अतिरिक्त घाम येतो. खरूज ही तर निकटच्या स्पर्शातून आणि एकत्र वापरलेल्या अंथरूण-टॉवेलांमधून पसरणारी बाधा आहे. स्वच्छ माणसालाही ती होते आणि खोलीतील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतल्याखेरीज ती हटत नाही.

अडचण अनेकदा डोळ्यांसमोर असून दिसत नाही. एखाद्या मुलाकडे दोनच शर्ट असतात. कुठे वसतिगृहात पाणी सकाळी अर्धा तासच येते. कोणी रात्रपाळीची नोकरी करून वर्गात बसतो. अशा मुलाला साबणाचे महत्त्व पटवून देणे क्रूरपणाचे ठरते.

डर्बनमधले घर आणि सेवाग्राम

या विषयावरील एक बोलका प्रसंग महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतः नोंदवला आहे. १८९८ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वकिली करत होते. त्यांच्या कार्यालयातील कारकून घरातील माणसांप्रमाणे त्यांच्याच घरी राहत. घर पाश्चात्त्य धर्तीचे असल्याने खोल्यांना मोरी नव्हती आणि प्रत्येक खोलीत लघवीचे भांडे ठेवावे लागे. घरात रुळलेले कारकून आपापले भांडे स्वतः साफ करत. नव्याने राहायला आलेल्या एका कारकुनाचे भांडे मात्र गांधीजी किंवा कस्तुरबा उचलत. तो कारकून ख्रिस्ती होता आणि त्याचे आईवडील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले होते. कस्तुरबांना ते काम जड गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पत्नीने हे काम हसतमुखाने करावे, असा गांधीजींचा हट्ट होता. शब्दाला शब्द वाढला आणि त्यांनी कस्तुरबांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. पुढे या वर्तनाची त्यांना लाज वाटली.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. कस्तुरबांना इतरांची भांडी चालत होती, याच एकाचे चालत नव्हते. म्हणजे अडचण भांड्याच्या घाणीत नव्हती, मनातल्या भेदात होती. दुसरी गोष्ट अशी की, सारा तंटा पतिपत्नींत झाला. त्या नव्या माणसाला ‘या घरात प्रत्येक जण आपले भांडे आपण साफ करतो’ हे साधे वाक्य कोणी सांगितल्याचा उल्लेख त्या कथनात नाही.

हिंगणघाटहून साधारण तासाभराच्या अंतरावर असलेल्या सेवाग्रामात १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य होते. तेथील पहिल्या घरात, आदि निवासात, गांधीजी आणि त्यांचे सहकारी एकत्रच राहत. शौचालयाच्या सफाईसह सर्व कामे आश्रमवासीयांनीच करायची, हा आश्रमाचा प्रघात होता. काम सर्वांच्याच वाट्याला येत असल्यामुळे ते सांगताना कोणा एकाकडे बोट दाखवण्याचा प्रश्न उरत नसे. त्याच सेवाग्रामात १९३९ मध्ये कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले. त्या काळी या रोगाच्या नुसत्या नावाने लोक दूर पळत. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांची सोय केली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. नियम सर्वांना सारखा आणि आजाऱ्याला शुश्रूषा, हा विवेक आजच्या सदनिकेतही तितकाच उपयोगी आहे.

बोलायचे कसे

पहिल्याच आठवड्यात घराचे नियम सर्वांनी बसून ठरवणे सर्वांत श्रेयस्कर. न्हाणीघर कोणी कोणत्या दिवशी घासायचे, ओले टॉवेल कोठे वाळत घालायचे, बूट दाराबाहेर ठेवायचे की आत, कचरा कोणी खाली न्यायचा, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे. मुलींच्या घरात वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या वेगळ्या डब्यातच टाकायचे, हेही त्यात निःसंकोच लिहावे. जुन्या रहिवाशांची नावे त्या यादीत आधी असावीत.

त्यानंतरही व्यक्तिगत बोलणे भाग पडलेच, तर ते एकानेच करावे. तिघांनी मिळून बोलावले की ती पंचायत होते. बोलणारा शक्यतो त्याच्याच वयाचा असावा आणि मुलीशी मुलीनेच बोलावे. परीक्षेचा आदला दिवस, जेवणाची वेळ आणि चारचौघांतील गप्पा टाळाव्यात. चिठ्ठी किंवा संदेश पाठवू नये, कारण लिहिलेले वाक्य पुन्हा पुन्हा वाचले जाते आणि दर वेळी अधिक बोचते. त्याच्या आईवडिलांना परस्पर कळवणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे.

शब्द थोडे आणि स्पष्ट असावेत. ‘अरे, एक सांगायचं होतं. जरा अवघड आहे, पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. संध्याकाळी क्लासहून आलास की घामाचा वास जाणवतो. स्वतःला तो कळत नाही, माझाही मला कळला नसता. आल्यावर आंघोळ करून कपडे बदललेस तर बरं होईल. पाण्याची किंवा धुण्याची काही अडचण असेल तर सांग, आपण मिळून मार्ग काढू.’ एवढे पुरे. ‘तू घाणेरडा आहेस’ हा माणसावरचा शेरा होतो. ‘वास जाणवतो’ ही केवळ परिस्थितीची नोंद राहते. ‘सगळे म्हणतात’ हे दोन शब्द कटाक्षाने वगळावेत, कारण ऐकणाऱ्याला त्यापुढचे काही ऐकू येत नाही. पेढीवर किंवा घरी राहायला आलेल्या वयस्क दिवाणजींशी बोलताना घरातील ज्येष्ठ पुरुषाने ‘काका, तुमच्या तब्येतीची चौकशी करायची होती’ अशी सुरुवात केली, तर मानही राहतो आणि कारणही कळते.

बोलून झाल्यावर विषय तिथेच सोडावा आणि चहाला सोबत न्यावे. दोन-तीन आठवडे वाट पाहून, फरक न दिसल्यास आणखी एकदाच आठवण द्यावी. त्यानंतर खोलीची अदलाबदल किंवा वसतिगृहप्रमुखांची मदत हे मार्ग खुले आहेत.

एका लक्षणाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पूर्वी नीटनेटका असलेला मुलगा एकाएकी आंघोळ सोडतो, कपडे बदलत नाही, जेवण टाळतो, दिवसभर पडून राहतो, तेव्हा गोष्ट साबणाची नसते. ही नैराश्याची खूण असू शकते. तेथे पहिला प्रश्न ‘आंघोळ का करत नाहीस?’ असा नसून ‘बरा आहेस ना?’ असा असला पाहिजे. अशा वेळी घरच्यांना कळवणे हे कर्तव्यच ठरते. केंद्र शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. सर्वांत जवळ झोपणाऱ्या सोबत्यालाच हा बदल सर्वांत आधी दिसतो.

पालकांचे काम मुलगा रेल्वेत बसण्यापूर्वीच संपायला हवे. बारावीच्या सुट्टीत त्याने स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत, संडास घासावा आणि अंथरूण उन्हात टाकावे. मुलग्याकडून हे करून घेणे अनेक घरांत अजूनही कमीपणाचे मानले जाते. परिणामी मुलगी बाहेरगावी निभावून नेते आणि मुलगा दुसऱ्याच्या नाकाला त्रास होतो. त्याला आणखी एक गोष्ट शिकवून पाठवावी. एखाद्या दिवशी सोबत्याने हीच अवघड गोष्ट त्याला सांगितली, तर रागावू नये, सबबी सांगू नयेत. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढे म्हणावे आणि टॉवेल उचलून न्हाणीघराकडे जावे.