पाट्यांच्या उंचावलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकमधील सैल स्टीअरिंग

सैल स्टीअरिंग म्हणजे स्टीअरिंगचे चाक फिरवूनही पुढची चाके लगेच न वळणे किंवा चालक स्थिर असताना वाहनाने आपोआप दिशा बदलणे. पुढे अखंड आस आणि पाट्यांची स्प्रिंग असलेल्या वाहनांची उंची वाढवल्यावर हा दोष वारंवार आढळतो. १९७३ ते १९८७ या काळातील शेवरोले के-मालिकेचे ट्रक, जुन्या सीजे जीप आणि भारतातील मारुती जिप्सी ही अशा रचनेची परिचित उदाहरणे होत.

उंची वाढवण्याचा परिणाम

स्टीअरिंग बॉक्स चौकटीवर, तर चाके आसावर बसवलेली असतात. त्यांना जोडणारी ड्रॅग लिंक मूळ उंचीवर साधारण आडवी असते. चौकट वर गेल्यावर ती तिरपी होते आणि खड्ड्यात आस वर-खाली होताना चाकांना ओढते किंवा ढकलते. यास बम्प स्टीअर म्हणतात.

दुसरा परिणाम कॅस्टर कोनावर होतो. किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटांचा अक्ष वरच्या टोकाला मागे झुकलेला असल्यामुळे चाके वळणानंतर सरळ होतात. पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि ते लांब केले, तर हा झुकाव घटतो व वाहन वेगात भरकटते. शॅकल मागच्या टोकाला असल्यास परिणाम उलट होतो. शिवाय मोठ्या व जड टायरांमुळे सर्व सांध्यांवरील भार वाढतो.

लक्षणांतील फरक

निदानापूर्वी तक्रारीचे स्वरूप ठरवावे लागते. उभ्या वाहनात स्टीअरिंगचे चाक मोकळे फिरत असेल, तर झीज किंवा सैल जोडणी असते. मोकळीक नसूनही सपाट रस्त्यावर वाहन भरकटत असेल, तर कॅस्टर, टो-इन आणि टायरमधील हवेचा दाब तपासतात. केवळ खड्ड्यांवर दिशा बदलत असल्यास ड्रॅग लिंकच्या कोनाचा संशय घेतला जातो.

तपासणीचा क्रम

मुख्य तपासणी चाके जमिनीवर, म्हणजे सांध्यांवर भार असताना केली जाते. हातब्रेक लावून व चाकांना अडथळे देऊन एक व्यक्ती स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवते. दुसरी व्यक्ती स्टीअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंत प्रत्येक सांधा पाहते. ज्या सांध्याची एक बाजू हलते पण दुसरी उशिरा हलते, तेथे मोकळीक असते.

* दांड्यावरील लवचीक जोड किंवा युनिव्हर्सल जॉइंट झिजलेला असू शकतो.
* बॉक्सच्या आत जाणारा दांडा फिरूनही पिटमन आर्म स्थिर राहिल्यास दोष बॉक्समध्ये असतो.
* संपूर्ण बॉक्स हलत असल्यास त्याचे बोल्ट व चौकट तपासतात. वरील शेवरोले ट्रकमध्ये बॉक्सजवळ चौकटीला तडे जाणे हा प्रसिद्ध दोष आहे.
* ड्रॅग लिंक व टाय रॉडची टोके बोटांनी चाचपल्यास लहान मोकळीकही जाणवते.
* आसच चौकटीखाली सरकत असल्यास पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट किंवा मधला बोल्ट सदोष असतो. स्टीअरिंगचे सर्व भाग नवे असूनही राहणारा सैलपणा अनेकदा येथूनच येतो.

त्यानंतर आस जॅकवर उचलून व स्टँडवर टेकवून चाक वर-खाली पकडून हलवतात. या मोकळिकीचे कारण व्हील बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट असते.

दुरुस्ती

आधी झिजलेले भाग बदलून नंतरच कोन दुरुस्त करतात. कॅस्टरसाठी पाटा व आस यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराच्या पट्ट्या बसवतात. ड्रॅग लिंक आडवी आणण्यासाठी चाकाकडील उंच स्टीअरिंग आर्म किंवा खाली वाकवलेला पिटमन आर्म वापरतात. दुसऱ्या उपायात बॉक्सच्या दांड्यावरील ताण वाढतो. बॉक्सचा समायोजन स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्यास स्टीअरिंग अडकते व वळणानंतर सरळ होत नाही. स्टीअरिंग डँपर कंप दाबतो, झीज दूर करत नाही. त्यामुळे निदानापूर्वी तो बसवल्यास धोकादायक सांधा झाकला जाऊ शकतो.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टीअरिंगच्या चाकावरील मोकळीक ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल करण्यावर निर्बंध घालते.