दीड फुटाचा ओटा

अकोल्याचा टिळक रोड घ्या की अमरावतीतला जवाहर गेटच्या आतला बाजार घ्या, दुकानांची मांडणी सारखीच. रस्ता, मग नाली, नालीवर फरशी, त्यापुढं ओटा आणि ओट्यावर शटर. ओटा उंच ठेवण्यामागं अक्कल आहे. नाली तुंबली की पाणी आधी दुकानात शिरतं आणि कापडाचं ठाण किंवा धान्याचं पोतं एकदा भिजलं की गेलंच. पण मालाला पाण्यापासून वाचवणारी ही उंची कुबड्या घेऊन आलेल्या माणसालाही बाहेरच ठेवते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला. त्यातल्या ‘सार्वजनिक इमारती’त लोकांची ये-जा असलेलं खासगी दुकानही येतं, हे बहुतेक व्यापाऱ्यांच्या गावीही नाही. जून 2017 मध्ये नियम आले. जुन्या इमारती सुगम करायला तिथून पाच वर्षं होती; ती 2022 मध्येच सरली.

अकोल्यातल्या एका औषधाच्या दुकानापुढं मिस्त्री माप घेत होते, तेव्हा मी तिथं उभा होतो. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक शटरच्या पट्टीशी, दुसरं नालीपलीकडं रस्त्याच्या कडेला. फरक निघाला दीड फूट. उताराचं प्रमाण 1:12, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. इथं अठरा फूट लागणार, वर वळायला सपाट जागा वेगळी.

“शटर दहा फुटाचं अन् रॅम्प अठराचा?” दुकानदार म्हणाले. “मंग काय रोडच्या मधात नेऊ?”

रॅम्प वऱ्हाडाला नवा नाही. रात्री गाडी आत घ्यायला लोखंडी पत्र्याचा रॅम्प घरोघरी असतो, दीड फूट उंचीला जेमतेम चार फूट लांब. मिस्त्रीचा हात त्याच मापाला सरावलेला. नव्या कॉम्प्लेक्सच्या नकाशात 1:12 लिहावंच लागतं, कारण त्याशिवाय बांधकामाला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असं कायद्याचं 44 वं कलम सांगतं. नकाशातला हा उतार जागेवर मात्र बरेचदा गाडीचा रॅम्प होऊन उतरतो, तोही गुळगुळीत ग्रॅनाइटचा. पावसात त्यावरून धडधाकट माणूसही घसरेल.

एवढ्यात हातानं पायडल फिरवायची तीनचाकी घेऊन एक नेहमीचे गिऱ्हाईक आले. ती त्यांनी नालीच्या कडेला लावली, कुबड्या काढल्या. नऊ-नऊ इंचांचे दोन चढ. पहिला जमला. दुसऱ्याला एक कुबडी आधी वर टेकवली, मग मोकळा हात आधार शोधू लागला. शटरची खाच सापडली. वर पोचल्यावर मिस्त्रीची नळी पाहून ते म्हणाले, “रॅम्प करा तवा करा भाऊ, आधी धराले काईतरी द्या.”

मला हे महत्त्वाचं वाटतं. सुगमता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं व्हीलचेअरच येते. वऱ्हाडात मात्र बरीच माणसं तीनचाकीवर किंवा मागं जादा चाकं लावलेल्या स्कूटीवर येतात, वाहन खाली ठेवतात आणि कुबड्यांनी, प्रसंगी हातांवर, वर चढतात. कठडा, ठेंगण्या पायऱ्या, खरबरीत फरशी या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांमध्येही आहेत, पण ती कोणी वाचत नाही.

दुकानदारांनी एक तोड सुचवली. खाली घंटी लावतो, वाजवा, पोरगा औषध आणून देईल. गिऱ्हाईक हसले. “बाहेर तं आताही बसतोच ना.”

शेवटी ओटा आतल्या बाजूनं कापून सहा-सहा इंचांचे तीन चढ करायचे ठरलं. पायरी फूटभर रुंद, दोन्ही बाजूंना पाइप, ओल्या सिमेंटवर झाडूच्या रेघा. व्हीलचेअरवाल्याचा प्रश्न यानं सुटत नाही, कायदाही पुरा होत नाही. त्यासाठी शेजारच्या दुकानापुढून ओट्याला लागून उतार न्यावा लागेल.

नियमभंगाला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा झाला तर पन्नास हजार ते पाच लाख. पण नियम तरी सक्तीचे होते का? 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेच्या मानकांचा 15 वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. तो नुसत्या शिफारशींवर भागवत होता. तीन महिन्यांत सक्तीची किमान मानकं ठरवा, असं केंद्राला बजावलं.

शेजारी उताराला राजी आहेत. अडलं आहे नालीपाशी. नाली महापालिकेची; तिच्यावर सिमेंट टाकलं की ते अतिक्रमण. “उद्या जेसीबी आला तं कोनता कागद दाखवू?” या प्रश्नावर मिस्त्री गप्प, मीही. माझ्या मते हा उतार एकेका दुकानदाराच्या गळ्यात घालण्यात अर्थ नाही. नाली किंवा रस्ता नव्यानं होतो, तेव्हा अख्ख्या ओळीची पातळी पाहून महापालिकेनंच तो द्यावा. तूर्त दुकानदार परवानगीचा अर्ज लिहिताहेत. पायऱ्या ओट्याच्या हद्दीत बसतात, म्हणून त्यांचं काम सोमवारी लागणार आहे.