लाकडी ठशांची छपाई : भंडारा जिल्ह्यास अनुकूल हस्तव्यवसाय

लग्नपत्रिका, सभांची हस्तपत्रके आणि झाडीपट्टीतील नाटकांच्या जाहिराती ट्रेडल यंत्रावर छापल्या जात, त्यास आता बराच काळ लोटला. ऑफसेट व संगणक आल्यावर खिळ्यांची जुळणी मागे पडली. शिशाचे खिळे वितळविले गेले, यंत्रे वजनावर मोडीत गेली. एखादे ट्रेडल अद्याप कोपऱ्यात उभे असल्यास ते भंगारात काढण्यापूर्वी त्याच्या एका निराळ्या उपयोगाचा विचार व्हावा.

देवनागरीस खिळे नेहमीच महाग पडले. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांमुळे रोमन लिपीच्या कितीतरी पट खिळे पाडावे लागत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे टॉमस ग्रॅहॅम यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात सुबक देवनागरी खिळे घडविले; जावजी दादाजींनी १८६४ मध्ये ओतशाळा काढली व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. एवढे भांडवल लहान कारागिराजवळ कोठून असणार?

लाकडी ठशास ही अडचण नाही. संपूर्ण शब्द मात्रा-वेलांटीसह एकाच फळीवर उतरतो. अक्षर उलटे लिहून त्याभोवतीचे लाकूड पटाशीने व कोरणीने काढावयाचे, अक्षर तेवढे उंच राखावयाचे. ठसा खिळ्याच्या उंचीस, म्हणजे ०.९१८ इंचास, आणावा लागतो. किंचित कमी पडल्यास खाली कागद चिकटवितात. ठळक अक्षरांस उभ्या रेषेची फळी चालते, नाजूक रेघांस लाकडाचा आडवा छेद हवा. सागाहून हळदू किंवा शिवण यांचे लाकूड बारीक पोताचे. ते पुरते वाळलेले असावे, अन्यथा पावसाळ्यात फुगून ठसा वाकतो.

कोरणारे हात जिल्ह्यात आहेत. वाढई आहेतच, शिवाय भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, आणि भांड्यांवर नावे घालणाऱ्यास अक्षराचे वळण ठाऊक असते. उलटे अक्षर मात्र त्यासही शिकावे लागेल.

पाच हजार पत्रके हवी असल्यास ऑफसेटच बरे. मोहाडी-आंधळगावच्या करवती कोसा साडीचे वेष्टन, शाळेचे प्रशस्तिपत्र, ग्रंथालयाचा शिक्का अशी मोजकी, देखणी कामे येथे शोभतात. शाळांतून शिकविताना शिशाचे जुने खिळे मुलांच्या हाती देऊ नयेत. लाकडी ठशात तो धोका नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत मुद्रक नाही, सुतार आहे. म्हणून ठसे कोरणाऱ्या सुतारास त्या नात्याने अर्ज करता येतो. योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य असून पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. गावातील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. ठसेकाम हेही सुतारकामच आहे, हे सरपंचांनी त्या वेळी ध्यानी ठेवावे.