विमा आणि सेवा : नागरी कुटुंबाच्या आरोग्यसंरक्षणाचे गणित

कुटुंबाच्या आरोग्यसंरक्षणाचा विचार करताना ‘विमा आहे काय?’ हा प्रश्न आज सर्वप्रथम विचारला जातो. तो रास्त आहे. परंतु पुरेसा नाही. विमा हे उपचारांचे पैसे चुकते करण्याचे साधन आहे, प्रत्यक्ष सेवा नव्हे. गर्भवतीची नियमित तपासणी, लोहाच्या गोळ्या, बालकाचे लसीकरण, गर्भनिरोधक साधने, रक्तदाबाची औषधे या गरजा वारंवार उद्भवतात. त्यांचा एका वेळचा खर्च लहान असतो आणि त्यांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. याउलट बहुतेक विमा योजनांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच सुरू होते. गरज एका ठिकाणी आणि संरक्षण दुसऱ्या ठिकाणी, ही विसंगती नागरी कुटुंबांना विशेषत्वाने जाणवते. ती कशी निर्माण होते आणि कशी दूर करता येईल, याचा विचार बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरीच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

बनशंकरी हे नाव मराठी वाचकांना बदामीजवळच्या देवीमुळे परिचित आहे. बेंगळुरूतील या उपनगराला तेथील बनशंकरी मंदिरावरून हे नाव मिळाले. टप्प्याटप्प्याने आखलेल्या या वसाहतीत निवृत्त कर्मचारी, बँकांतील व खासगी कंपन्यांतील नोकरदार राहतात. त्यांच्या घरी काम करणाऱ्या स्त्रिया, बांधकाम मजूर, रिक्षाचालक व छोटे दुकानदार आसपासच्या दाट वस्त्यांत राहतात. चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या या कुटुंबांचे आरोग्यविषयक हक्क मात्र एकमेकांपासून फार भिन्न आहेत.

पूर्वपीठिका

प्रजनन आरोग्याच्या क्षेत्रात या प्रदेशाला जुनी परंपरा आहे. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. तो एका व्यक्तीचा, समाजाचा रोष पत्करून केलेला प्रयत्न होता. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये हेच कार्य शासकीय पातळीवर हाती घेतले व सरकारी संततिनियमन चिकित्सालये उघडली. बेंगळुरूतील वाणीविलास हे स्त्रिया व बालकांचे सरकारी रुग्णालय १९३५ पासून कार्यरत आहे. स्वतंत्र भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये स्वीकारला.

१९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘भारत लोकसंख्या प्रकल्प–८’ हा कार्यक्रम बेंगळुरू, दिल्ली, हैदराबाद व कोलकाता या शहरांतील गरीब वस्त्यांसाठी राबविण्यात आला. त्यातून बेंगळुरूत वस्त्यांजवळ आरोग्य केंद्रे उभी राहिली आणि महापालिकेच्या प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यात आला. इमारती उभ्या राहिल्या, तरी सेवा खरोखर मोफत मिते असे नाही, हेही याच शहरात उघड झाले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने नागरिकांच्या अनुभवांवर आधारित ‘प्रगतिपुस्तक’ तयार करण्याची पद्धत येथे रुजविली. प्रसूतिगृहांच्या पाहणीत, कागदोपत्री मोफत वा नाममात्र शुल्काच्या सेवेसाठीही गरीब स्त्रियांना वरकड पैसे मोजावे लागतात, असे तिला आढळले. खर्च परवडतो की नाही, हे केवळ दरपत्रकावरून ठरत नाही, हा या पाहणीचा धडा होय.

पहिला आधार : जवळची सेवा

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१३ मध्ये मान्यता दिली. सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर नागरी सामुदायिक आरोग्य केंद्र आणि वस्तीपातळीवर आशा कार्यकर्ती व महिला आरोग्य समिती, अशी त्याची रचना आहे. कर्नाटक शासनाने डिसेंबर २०२२ पासून ‘नम्म क्लिनिक’ म्हणजे ‘आपला दवाखाना’ ही योजना सुरू केली. १० ते २० हजार लोकसंख्येसाठी एक छोटा दवाखाना आणि तेथे तपासणी, औषधे व प्राथमिक प्रयोगशाळा चाचण्या मोफत, असे तिचे स्वरूप आहे. बनशंकरीत महापालिकेचे रेफरल रुग्णालय, तर शेजारच्या जयनगरात राज्य शासनाचे सामान्य रुग्णालय आहे. म्हणजेच दवाखाना, प्रसूतीची सोय आणि तज्ज्ञसेवा अशी साखळी या भागात उपलब्ध आहे.

बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी सप्टेंबर २०२५ मध्ये पाच स्वतंत्र महानगरपालिका अस्तित्वात आल्या. अशा स्थित्यंतराच्या काळात कोणते केंद्र कोणाच्या अखत्यारीत येते, हा प्रशासकीय प्रश्न रुग्णाचा प्रश्न होऊ नये, याची दक्षता घेणे अगत्याचे आहे.

दुसरा आधार : मातृत्वाचे हक्क

सरकारी रुग्णालयातील प्रसूतीशी निगडित लाभ विम्यावर अवलंबून नाहीत, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेत प्रसूतीसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक या गोष्टी विनामूल्य मिळाव्यात, असे अपेक्षित आहे. आजारी नवजात बालकासही हा लाभ लागू आहे. २००५ ची जननी सुरक्षा योजना पात्र मातांना संस्थात्मक प्रसूतीसाठी रोख साहाय्य देते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते.

कर्नाटकात गर्भवतीची नोंद झाल्यावर तिला ‘तायी कार्ड’, म्हणजे मातेचे कार्ड, दिले जाते. तपासण्या, लसी व प्रसूती यांची नोंद त्यावर होते. नोंदणी लवकर झाली, तर पुढील सर्व लाभांची वाट सुकर होते; ती उशिरा झाली, तर हक्क असूनही हाती काही पडत नाही.

तिसरा आधार : विमा

विम्याच्या बाबतीत बनशंकरीतील चार प्रकारची कुटुंबे डोळ्यांपुढे आणता येतील.

पहिले कुटुंब दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेले. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेली ‘आरोग्य कर्नाटक’ योजना त्याच वर्षी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडण्यात आली. या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू शकतात. परंतु योजनेचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. रुग्णाने प्रथम सरकारी रुग्णालयात जावयाचे. तेथे सोय नसल्यास शिफारसपत्र घेऊन संलग्न खासगी रुग्णालयात जावयाचे. ठराविक तातडीच्या उपचारांना या पत्राची आवश्यकता नसते.

दुसरे कुटुंब शिधापत्रिकेच्या दृष्टीने दारिद्र्यरेषेवरचे, परंतु उत्पन्न बेताचे. त्याला याच योजनेत उपचारांच्या ठरावीक दराच्या ३० टक्के इतकेच साहाय्य मिळते व त्याची वार्षिक मर्यादा दीड लाख रुपये आहे. उरलेला ७० टक्के भार कुटुंबाने उचलावयाचा असतो. शिधापत्रिकेच्या प्रकारावर एवढा मोठा फरक अवलंबून असतो.

तिसरे कुटुंब तयार कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीचे. १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना आता सामाजिक सुरक्षा संहितेचा भाग झाली आहे. जानेवारी २०१७ पासून तिची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरविण्यात आली. जुलै २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराने आणि ३.२५ टक्के मालकाने भरावयाचे, असे वर्गणीचे प्रमाण आहे. ही योजना बाह्यरुग्ण सेवा, औषधे, कुटुंबीयांवरील उपचार व २६ आठवड्यांची सवेतन प्रसूती रजा एकत्र देते. या अर्थाने ती आपल्याकडील सर्वांत परिपूर्ण विमा योजना होय. मात्र नोकरी गेली की तिचा धागाही कालांतराने तुटतो. घरकाम करणारी स्त्री तर एरवी तिच्या कक्षेतच येत नाही.

चौथे कुटुंब खासगी विमा घेणारे. व्यक्तिगत पॉलिसीत प्रसूतीचा खर्च बहुधा समाविष्ट नसतो. असल्यास त्यासाठी प्रतीक्षाकाल व रकमेची मर्यादा असते. गर्भधारणेनंतर घेतलेला विमा त्या प्रसूतीला उपयोगी पडत नाही. नियोक्त्याच्या सामूहिक पॉलिसीत ही अट अनेकदा शिथिल असते, परंतु ते संरक्षण नोकरीबरोबर संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाल्याने हप्त्याचा भार हलका झाला, तरी पॉलिसीतील अटी कायमच आहेत.

विम्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. कर्नाटकात २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या वाजपेयी आरोग्यश्री योजनेच्या अभ्यासात, योजना लागू असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत हृदयविकार, कर्करोग अशा समाविष्ट आजारांनी होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले. मोठ्या आजारात विमा प्राण वाचवितो व घर कर्जापासून वाचवितो. प्रश्न आहे तो दैनंदिन गरजांचा.

प्रजनन सेवा : केवळ प्रसूती नव्हे

प्रजनन आरोग्यसेवेत प्रसूतीबरोबरच गर्भनिरोधन, सुरक्षित गर्भपात, वंध्यत्वाचे उपचार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी यांचा समावेश होतो. तांबी, गर्भनिरोधक गोळ्या, निरोध, ‘अंतरा’ इंजेक्शन व ‘छाया’ गोळ्या यांचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश असून ही साधने सरकारी केंद्रांत विनामूल्य दिली जातात. असे असूनही भार स्त्रीवरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी–५ (२०१९–२१) नुसार देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे केवळ ०.३ टक्के होते. पुरुष नसबंदी ही तुलनेने सोपी व कमी जोखमीची शस्त्रक्रिया असूनही ही स्थिती आहे. कर्नाटकाचा एकूण जननदर १.७ पर्यंत खाली आला आहे. म्हणून आता उद्दिष्ट संख्या घटविण्याचे नसून निवडीचे स्वातंत्र्य व दोन अपत्यांतील सुरक्षित अंतर हे असावयास हवे.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका आणि विशिष्ट प्रवर्गांतील स्त्रियांसाठी २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांचे मत आवश्यक असते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीच्या स्वाक्षरीची अट कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ असल्याचे स्पष्ट केले. ही माहिती नसल्यामुळे स्त्रिया अनधिकृत ठिकाणी जातात आणि पैसा व प्रकृती दोन्ही गमावतात. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याची भीती दाखवून वैध गर्भपात नाकारणे मात्र उचित नाही.

खासगी क्षेत्रातील शस्त्रक्रियांचे प्रमाण हाही खर्चाशी निगडित मुद्दा आहे. याच पाहणीनुसार देशात सरकारी संस्थांतील प्रसूतींपैकी १४.३ टक्के, तर खासगी संस्थांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्या. केवळ पैसे देणाऱ्या विम्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा बसत नाही. त्यासाठी सक्षम सरकारी प्रसूतिसेवेचा पर्याय जवळ असावा लागतो.

खर्चाचे चित्र आणि पुढील दिशा

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१–२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. प्रगती मोठी आहे. तरीही हा भार अद्याप जड आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे लक्ष्य ठेवले होते. २०२१–२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

बनशंकरीच्या उदाहरणावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, दवाखान्याची वेळ कष्टकऱ्यांच्या कामाच्या वेळेशी जुळावयास हवी. दिवसाची मजुरी बुडवून मिळणारी मोफत सेवा वस्तुतः मोफत नसते. दुसरा, शिधापत्रिका, तायी कार्ड, आयुष्मान कार्ड व कामगार विम्याचा क्रमांक यांची माहिती एकाच ठिकाणी देणारा साहाय्यक प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात असावा. स्थलांतरित कुटुंबांना आयुष्मान भारत योजना अन्य राज्यांतही लागू होते, हेही त्यांना तेथेच समजावे. तिसरा, विमा योजनांनी बाह्यरुग्ण सेवेचा क्रमशः समावेश करावा. चौथा, प्रसूतिगृहांच्या कामकाजावर तेथे सेवा घेणाऱ्या स्त्रियांची देखरेख असावी; प्रगतिपुस्तकाचा अनुभव या शहराच्या गाठीशी आहेच.

सार्वत्रिक आरोग्यसंरक्षण म्हणजे प्रत्येकाला आवश्यक सेवा मिळणे आणि त्यासाठी कोणालाही आर्थिक विपत्तीला तोंड द्यावे न लागणे. यांतील दुसरा भाग विम्याने काही अंशी साधतो. पहिला मात्र घराजवळच्या दवाखान्यानेच साधतो. कार्डांच्या संख्येइतकेच लक्ष या दवाखान्यांच्या दर्जाकडे दिले, तरच शेजारी राहणाऱ्या या चारही कुटुंबांना समान दिलासा मिळू शकेल.