मूत्रपिंडाचा दाह आणि ‘सूज उतरवणारी’ गोळी

ताप, उलट्या, दोन दिवस लघवी कमी, क्रिएटिनिन वाढलेले आणि खिशात डायक्लोफिनॅकची रिकामी पट्टी. असे रुग्ण आमच्या वॉर्डात पावसाळाभर येतात. नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, सूज उतरवायचीच गोळी ना ती?”

प्रश्न रास्त आहे. मूत्रपिंडाला अचानक इजा झाली की तिथे दाह होतो. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या रसायनांनी चांगल्या नलिकाही बिघडतात. पण ही गोळी तो दाह शमवत नाही. ती प्रोस्टाग्लँडिन अडवते, आणि अंगातले पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकतो तो त्याच्याच आधारावर. तापाला पॅरासिटामॉल पुरते, तेही ठरल्या मात्रेत.

काही प्रतिजैविकांनी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्यांनी ॲलर्जी होऊन मूत्रपिंड सुजले, तर ते औषध बंद करून लवकर दिलेले स्टेरॉइड अनेकांना उपयोगी पडते. सेप्सिसमध्ये मात्र अजून तसे औषध हाती नाही. अल्कलाइन फॉस्फटेजवर मोठी आशा होती. मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. तिथे आजही योग्य प्रतिजैविक, बेताचे सलाइन, तासातासाची लघवी मोजणे आणि वेळ आलीच तर डायलिसिस, एवढ्यावरच भिस्त आहे.